अस्वल पडायचं थांबलं तेव्हा

“पालकांनी खिडकीतून डोकावायचं नाही, कितीदा सांगायचं?”

बाई कडाडल्या, तसा दुसरीच्या वर्गाबाहेर वाकून उभा असलेला तो माणूस दचकून सरळ झाला आणि त्यानं खिडकीच्या झडपेवर डोकं आपटून घेतलं.

“मी पालक नाही हो... अजून लग्नसुद्धा नाही झालेलं!” डोकं चोळत तो म्हणाला. “तुम्ही ईमेल केला होता ना, तुमच्या गेमनं माझी मुलं बिघडवली म्हणून? तो गेम माझा.”

झाली का पंचाईत! बाईंनी जीभ चावली. पण तक्रार खोटी नव्हती. बेरजेच्या त्या ऑनलाइन खेळात उत्तर बरोबर आलं की एक चांदणी मिळे, आणि चुकलं की स्टुलावरचं अस्वल धपकन खाली आपटे. मग काय विचारता! पाच अधिक दोन झोपेतही सांगणारी कार्टी एकजात ‘नऊ’ दाबून खो खो हसत सुटत. बाईंना मात्र चुकीची भारी धास्ती. लहानपणापासून वहीत खाडाखोड नाही, आणि खात्री नसली की तोंडातून शब्द नाही. असं गप्प बसण्यात त्यांचं बरंच काही राहून गेलं होतं, लग्नसुद्धा; घरी आई आणि त्या, दोघीच.

गेम सुधारायचा म्हणून तो दर गुरुवारी येऊ लागला. छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसे, मुलांचं खेळणं बघे. मुलांनी त्याचा ‘अस्वलकाका’ करून टाकला.

“काका काय? दादा म्हणा की!” तो कळवळून म्हणे.

“दोन केस पिकलेत,” बाई म्हणाल्या.

“मोजलेत तुम्ही?”

बाई घाईघाईनं फळा पुसू लागल्या... कोराच होता तो.

“इतकी चुकतात, तुम्हाला काहीच वाटत नाही?” एकदा त्यांनी विचारलं.

“चुकतात कुठे? मुद्दाम नऊ दाबायला आधी सात माहीत असावं लागतं.”

बाई त्या वाक्यावर आठवडाभर विचार करत राहिल्या.

सहाव्या गुरुवारी खेळ बदलून आला. आता बरोबर उत्तराला अस्वल धपकन पडे. चुकलं तर ते नुसतं ‘पुन्हा करून बघू’ म्हणे. मुलांनी पटापट बरोबर उत्तरं दिली आणि शाळा सुटल्यावर ती घरी पळाली.

“झालं माझं काम,” तो म्हणाला. “पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या गावच्या शाळा.”

बाईंनी फळा पुसायला घेतला. “छान,” त्या एवढंच म्हणाल्या.

“जाता जाता तुम्ही एक गणित करून बघता?” त्यानं टॅब पुढे केला. आठ अधिक सहा.

चौदा दाबलं की संपलं. तो पिशवी उचलणार आणि जाणार. थांबा म्हणावं, तर... आणि तो नाही म्हणाला तर? बाईंनी पंधरा दाबलं.

‘पुन्हा करून बघू,’ अस्वल म्हणालं.

तो टॅबकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. “बाई, चौदा येतं तुम्हाला.”

“येतं.” त्यांचे कान लाल झाले होते. “तुम्ही जाऊ नये असं वाटतं मला. दर गुरुवारी यावं... असं.”

“गुरुवारी नाही जमायचं—”

बाईंनी मान खाली घातली.

“अहो, ऐका तरी! गुरुवारी त्या गावी असेन. रविवारी येतो, तुमच्या घरी. तुमच्या आईसमोर तोंडी परीक्षा द्यायची तयारी आहे माझी.”

बाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “या. पण खिडकीतून डोकावायचं नाही हं... सरळ दारातून यायचं.”