डाव्या बाजूचा ब्रेक

दिवा राहू दे, बंद करू नका. आणि मध्येच "मग पुढे काय झालं?" म्हणून कुणी घाई करायची नाही. घाईचीच गोष्ट आहे ही, म्हणून मी सावकाशच सांगणार. ऐकीव नाही. माझ्या दुकानाला लागून ज्याचं दुकान होतं, त्या घड्याळजीची आहे.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी घड्याळजी आपली गाडी घेऊन सीट-कार्पेटचं काम करणाऱ्या कुशनवाल्याकडे गेला. काम साधंच होतं. गाडीत येणारा रस्त्याचा आवाज कमी करून घ्यायचा होता.

घड्याळजी म्हणजे कानाचा माणूस. मनगटी घड्याळ कानाला लावलं की आतलं कुठलं चाक रुसलंय ते सांगायचा. अशा माणसाला स्वतःच्या बायकोचं बोलणं मात्र ऐकू यायचं नाही. हसू नका, कान शाबूत होते त्याचे. दोष गाडीचा. बावीस वर्षांची गाडी, इंजिन ठणठणीत, पण नुसता पत्रा. साठच्या वर गेली की चाकांची घरघर खालून आत शिरायची आणि पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायचं. त्यातून गळ्याच्या ऑपरेशननंतर वहिनींचा आवाज बसलेला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जेमतेम पोचायचा. गाडीत त्या काहीतरी म्हणायच्या. हा म्हणायचा, "काय?" त्या पुन्हा म्हणायच्या. हा पुन्हा, "काय?" मग त्या हात हलवायच्या. जाऊ द्या, काही नाही.

"अहो, आवाज बंद करायच्या शीट बसवतात ना, तेवढ्या बसवून घ्या," असं त्या तीन वर्षं सांगत होत्या. "तुमच्याशी बोलायचं तर गाडी थांबवावी लागते मला."

"पुढच्या महिन्यात नक्की," हा म्हणायचा. तो पुढचा महिना काही उजाडला नाही.

आणखी एक सवय होती वहिनींची. गाडीत बसल्या की चप्पल काढून ठेवायच्या, आणि वेग वाढला की उजवा पाय खाली गच्च दाबायच्या. त्यांच्या बाजूला ब्रेक कुठला असायला! हा चिडवायचा, "वा, तुझा ब्रेक छान लागतो हं." त्या रागावल्याचं नाटक करायच्या आणि पाय तसाच दाबून ठेवायच्या.

सतरा नोव्हेंबरच्या रात्री पावणेदोन वाजता त्यांच्या छातीत कळ आली. हॉस्पिटल अकरा किलोमीटर. यानं गाडी जी हाणली ती हाणलीच. अर्ध्या वाटेत वहिनींनी याच्या हातावर हात ठेवला. काहीतरी म्हणाल्या. याला फक्त ओठ हललेले दिसले.

"काय?"

त्या पुन्हा म्हणाल्या. खालून नुसती घरघर. हा म्हणाला, "आता बोलू नकोस. घरी आल्यावर बोलू."

वहिनी घरी आल्या नाहीत.

माणूस पार मोडला. दुकान उघडायचा, भिंग डोळ्याला लावायचा आणि तसाच बसायचा. संध्याकाळी माझ्याकडे येऊन रोज एकच विचारायचा, "काय म्हणाली असेल हो ती? दोनदा म्हणाली." मी कप पुढे सरकवायचो. चहा गार होऊन जायचा.

तर त्या सोमवारी त्यानं गाडी कुशनवाल्यासमोर उभी केली. कुशनवाला एकटाच काम करणारा, हाताचा पक्का आणि तोंडाचा फाटका.

"काका, आता सुचलं होय? आणि एकट्यासाठी एवढा खटाटोप?"

"तू कर," घड्याळजी एवढंच म्हणाला.

कुशनवाल्यानं सीट खोलल्या, कार्पेट काढलं, पत्रा पुसून कोरडा केला. त्यावर ती शीट बसवतात. खालून काळं चिकट रबर, वरून चंदेरी फॉइल. गरम करायची आणि छोटा रूळ फिरवून दाबत जायची. फार नाजूक प्रकरण असतं ते. त्या फॉइलवर बोट जोरात टेकलं तरी खूण राहते, आणि कुशनवाल्याला तर एक सुरकुती खपायची नाही. दारं झाली, डिकी झाली, तळ झाला. घड्याळजी पाच दिवस स्टुलावर बसून बघत होता. उघड्या पत्र्यावर टिचकी मारली की टण्ण वाजायचं, शीट बसली की नुसतं धप्प. वर फेल्टचा जाड थर, त्यावर कार्पेट, मग सीट पुन्हा आवळून पक्क्या.

शनिवारी संध्याकाळी किल्ली देताना कुशनवाला म्हणाला, "काका, आता शेजारी कुणी कुजबुजलं तरी ऐकू येईल बघा."

त्या रात्रीचं बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. घड्याळजी किल्ली घेऊन निघाला.

आता पुढचं त्यानं मला जसं सांगितलं तसंच सांगतो.

तेवीस जानेवारी, शनिवारची रात्र. घड्याळात पावणेदोन. झोप येईना म्हणून त्यानं गाडी काढली आणि तोच रस्ता धरला. गाव मागे पडलं. दिवे संपले. पन्नास. साठ. सत्तर. आवाज नाही. इतकी शांतता, की मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

मग त्याला श्वास ऐकू आला.

स्वतःचा नव्हता. यानं आपला श्वास रोखून पाहिला. तो दुसरा चालूच होता... डावीकडून. हलका, थोडा घोगरा. त्यानं मान वळवली नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. वळून पाहिलं आणि सीट रिकामी दिसली तर, ही भीती.

"अहो..."

आणि बघा माणसाची सवय. दोन महिने ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते समोर आलं आणि याच्या तोंडून काय निघावं?

"काय?"

मग काहीच नाही.

टिकटिक.

त्याला वाटलं, संपलं. आपण पुन्हा तेच केलं. ओठ चावून रक्त आलं त्याच्या.

मग अगदी कानाजवळ...

"हळू चालवा ना. मला कसली घाई नाही."

बस. एवढंच.

त्यानं पाय उचलला. गाडी वीसवर आली. उरलेला सगळा रस्ता तो तसाच गेला, रडत. त्या नोव्हेंबरच्या रात्री हळू गेलो असतो तर अजून पंधरा मिनिटं ती शेजारी असती, एवढंच त्याच्या डोक्यात. हॉस्पिटलच्या फाटकाशी त्यानं डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती.

मनाचे खेळ, असं तुम्ही म्हणाल. मीही त्याला तेच म्हणालो.

पण सोमवारी कुशनवाल्याचा फोन आला. तळाच्या पत्र्याला पाणी निघून जायला भोकं असतात, त्यांना रबरी बुचं. डाव्या बाजूचं बूच मोकळं ठेवायचं तो विसरला होता, वरून सरसकट शीट मारून बसला होता. "काका, गाडी आणा, तेवढी शीट कापून देतो. नाहीतर पाणी साचून पत्रा सडेल." घड्याळजीनं मलाही सोबत नेलं.

डावी सीट खोलली. कार्पेट काढलं. फेल्ट उचललं, त्याच्यावर एक चुणी नव्हती. आणि कुशनवाला दोन पावलं मागे सरला.

खालच्या फॉइलवर पाय उमटला होता. अनवाणी, उजवा. टाच पुसट, चवडा खोल, पाचही बोटं मोजून घ्यावीत अशी. गच्च दाबलेला.

"हे... हे मी नाही केलं हो काका. मी रूळ फिरवला होता..."

घड्याळजी गुडघ्यांवर बसला. त्यानं तळवा हळूच त्या खुणेवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. कुशनवाला कटर हातात धरून उभाच होता.

"राहू दे," घड्याळजी म्हणाला. "पत्रा सडला तर सडू दे. तिथे कापायचं नाही."