शेवटची जागा

आमच्याकडे पो नदीच्या काठी रविवारी सकाळी कॉफी घशाखाली गेली की सायकलवर टांग टाकायची. धुकं असो, नाहीतर बायको कटकट करो. रस्ता अरुंद, आणि मोटारवाल्यांना आम्ही म्हणजे वाटेतली अडगळ. म्हणून रांगेत जो शेवटी असतो त्याने कान मागे ठेवायचे आणि "गाडी!" म्हणून ओरडायचं. आमच्याकडे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून बाकीच्यांनी उजव्या कडेला सरायचं. वळून मात्र बघायचं नाही. मान डावीकडे गेली की हँडलही डावीकडे जातं, थेट गाडीपुढे.

शेवटची जागा माझ्या जावयाची, एर्मेतेची. गेल्या वर्षी पॉपलरच्या झाडांपाशी एका व्हॅनने त्याला उडवलं. पोरगा जागीच गेला. व्हॅनवाला मेला थांबलासुद्धा नाही.

तेव्हापासून शेवटी मी. आणि त्या झाडांपाशी, माझ्या मागून, जिथे कोणीच नसतं तिथून हाक येते... "गाडी!" एर्मेतेचाच घोगरा आवाज. मी तीच हाक पुढे देतो, सगळे सरतात, आणि गाडी येतेच. हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

या नोव्हेंबरात माझी पोरगी नीव्हेस एर्मेतेची सायकल घेऊन आली.

"आज शेवटी मी."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"पप्पा, त्याची जागा आहे ती."

आमच्या रांगेतला म्हातारा ओरेस्ते हसला. "लेआर्को, पोरगी तुझ्यावरच गेलीय. कोणाच्या बापाचं ऐकायची नाही."

मी तिचा हात धरला. "काहीही ऐकू आलं तरी वळायचं नाही. माझी शपथ आहे."

"आवाज त्याचा असला तरी?"

तिला कसं कळलं, देव जाणे. मी तिच्या लगेच पुढची जागा धरली.

झाडं आली तेव्हा धुक्यात पुढच्याची पाठही दिसत नव्हती. ओल्या मातीचा वास, चाकांची सळसळ. आणि मागून, अगदी हळू...

"नीव्हेस..."

'गाडी' नाही. नुसतं नाव. पाठोपाठ इंजिनाची घरघर.

"गाडी! नीव्हेस, गाडी!" मी घसा फाडून ओरडलो. व्हॅन अंगाला घासून गेली. धडकल्याचा आवाज नाही, किंकाळी नाही. नियम गेला खड्ड्यात, मी वळलो. रस्ता रिकामा. सायकल झाडाला नीट टेकवलेली, सीट अजून गरम. पोलिसांनी नदीसुद्धा धुंडाळली. माझी पोर सापडली नाही. मला काहीच करता आलं नाही हो.

आता शेवटी पुन्हा मीच. मागून टिकटिक येते, पेडल थांबवल्यावर चाकातून येते तशी. दोन सायकलींची. "गाडी!" असं मात्र कोणी ओरडत नाही. गेल्या रविवारी झाडांपाशी इंजिन ऐकू आलं, आणि अगदी कानाशी कोणीतरी म्हणालं, "पप्पा..."

मान वळायला लागली होती. ओरेस्तेने पुढून शिवी हासडली म्हणून वाचलो.

उद्या पुन्हा रविवार. ओरेस्ते म्हणतो, येऊ नकोस. पण पोरगी हाक मारत असताना मी घरी कसा बसू?