सतरा नंबरचं जाकीट

बकुळा आली तेव्हा जयदेव वैद्य हेंद्रेपाड्यातल्या घराच्या गॅलरीत कार्तिकाच्या उन्हात पेंगत होता. गुप्तहेरानं भरदुपारी पेंगावं, हे त्याच्या सोबतीला असणाऱ्या अण्णांना अजिबात पसंत नव्हतं.

"दादा, मना सारखा सपान पडतं," ती म्हणाली. "आमचे हे पान्यात खाली खाली चाललेत. अंगात नारिंगी जाकीट हाय. आन् कंपनीचा साहेब बोलतो, त्यांनी जाकीट घातलाच नव्हता."

तिचा नवरा रघु समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होता. यंदा गौरी-विसर्जनाच्या दिवशी तो पाण्यात पडला. देहही मिळाला नाही. पाण्यावर तरंगवणारं जाकीट त्याच्या खोलीत खुंटीला होतं, म्हणजे चूक कामगाराची, कंपनीवर जबाबदारी नाही, असा चौकशीचा निकाल. बकुळानं उद्या अंगठा दिला की फाइल बंद.

"अंगठा दिला तं पोरगी उद्या इचारंल, बाप आपल्याच चुकीनं मेला का?"

खात्री पटावी म्हणून साहेबांनी ते जाकीट तिच्या हवाली केलं होतं. वर रघुचा नंबर सतरा, परदेशी लेबल, जाड पिवळ्या दोऱ्याची शिवण. अस्तरावर आतून बोटाएवढा तांबूस-पिवळा डाग.

"गंज," अण्णा म्हणाले.

जयदेवनं डाग हुंगला आणि डोळे मिटले. अण्णांना वाटलं, पुन्हा झोपला.

संध्याकाळी त्यानं कंपनीच्या त्या साहेबांना, सबनीसांना, फोन लावला. "हे तेच जाकीट ना?"

"म्हणजे काय! अपघातानंतर तासाभरात मीच खुंटीवरून काढून सील केलं. सील फोडलं ते बाईंसमोर."

सकाळी दोघे उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये गेले. असा दोरा जीन्सलाच लागतो, आणि जीन्सचे कारखाने तिथेच. चौथ्या कारखान्यात अनंता कारागिरानं शिवण ओळखली.

"अपनाच माल, साहेब. जाकिटाची ऑर्डर शेठला यंदा पहिल्यांदाच आली. दसऱ्याला मशीन पूजली आणि काम चालू केलं. पूजेनंतरच्या पहिल्या नगाला आतून हळदी-कुंकवाचं बोट लावतो आपण."

दुपारी सबनीस कागद आणि शाईचा पॅड घेऊन बकुळाच्या घरी आले, तेव्हा जयदेव जाकीट मांडीवर घेऊन बसला होता.

"सबनीस, रघु गेला गौरी-विसर्जनाला. दसरा आला महिन्यानंतर. मग दसऱ्याच्या पूजेचं बोट लागलेलं हे जाकीट त्या दिवशी खुंटीला कसं?"

सबनीसांनी रुमाल काढला.

"अहो, पण कंपनीनं खोटं जाकीट का आणावं?" अण्णांना अजून उमगत नव्हतं.

"खरं असतं तर तेच आणलं असतं, अण्णा. ते नव्हतं, कारण ते रघुच्या अंगात होतं. पण जाकीट अंगात असून माणूस बुडाला, तर दोष जाकीट देणाऱ्याचा. म्हणून तर घाईघाईनं परदेशी लेबल लावून नवीन जाकिटं शिवून घेतली."

अण्णांना स्वतःच्या गंजाची लाज वाटली.

बकुळानं शाईचा पॅड हळूच बाजूला सारला.

"म्हंजे सपान खरा व्हता. तुमच्यावर भरोसा ठेवून त्यांनी जाकीट घातला व्हता, साहेब," ती म्हणाली. "मंग ते बुडले कसे?"