रावसाहेबांचं बीळ

भूमच्या जनावरांच्या दवाखान्यात शेळ्या-म्हशींच्या रांगेत मी एकटीच घमेलं घेऊन उभी होते. घमेल्यात पाणी आणि पाण्यात रावसाहेब. म्हणजे कासव. भावानं पुण्याहून रीतसर कागदपत्रांसह आणून ते माझ्या गळ्यात मारलं होतं, आणि चार दिवस झाले, त्यानं कशालाच तोंड लावलं नव्हतं.

डॉक्टर बुद्धघोष घमेल्याकडे बघतच राहिले.

"ह्याला पाण्यात कुणी ठेवलं?"

"कासव पाण्यात न्हाय तर काय माळ्यावर राहतंय?" मी फणकारले.

"हे... जमिनीवरचं हाय. बीळ करून राहणारं." एवढं बोलून त्यांनी मान कॉलरीत ओढून घेतली. हुबेहूब रावसाहेब! मला हसू आवरेना.

संध्याकाळी बीळ करून द्यायला डॉक्टर घरी आले. आईची धान्य साठवायची जुनी कणगी आम्ही कोठीच्या खोलीत आडवी केली. मी शेतातली काळी माती भरली, तर त्यांनी चिमूटभर चोळून बघितली.

"वाळली की दगड होईल ही. त्यानं उकरायची कशी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नदीकाठची गाळमाती पोत्यातून आणली. जरा ओलसर केली, कणगीच्या तोंडाशी उबेला बल्ब टांगला. माती दाबताना हाताला हात लागला... आणि दोघांनीही तो चटकन काढला नाही.

रावसाहेब आत शिरले ते तीन दिवस दिसलेच नाहीत. डॉक्टर रोज बघायला यायचे आणि खालच्या मानेनं चहा प्यायचे.

"उकरून बघू का?" मला कुठला धीर!

"नको. भ्यालं की अजून खोल जातंय. आपणहून येऊ द्या."

चौथ्या दिवशी रावसाहेब बाहेर आले आणि मूठभर हरळी फस्त केली. मी टाळ्या पिटल्या. डॉक्टर मात्र हातातला कप फिरवत राहिले.

"सोमवारी मुरुमला परत जायचंय," ते हळूच म्हणाले. "इथला चार्ज तात्पुरता होता."

मुरुम म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक! ते उठले, चपला घातल्या, दारात थांबले. ओठ हलले... आणि मान पुन्हा कॉलरीत गेली.

"डॉक्टर! कासवाला उकरायचं न्हाय, मान्य. माणसाला उकरलं तर चालतंय का?"

ते वळले. मान हळूहळू वर आली.

"...चालतंय."

"मग ऐका. मला तुम्ही आवडता. आता तुमचं सांगा."

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. "घमेल्यासकट."

आणि चपला काढून पुन्हा आत आले.