दोन थरांमधलं अंतर

त्याने काउंटरवर ठेवलेल्या वस्तू मी मोजल्या. एकूण सहा. जुन्या सारोंगमध्ये, म्हणजे लुंगीत, गुंडाळलेलं गिटारचं धड, एक. त्याच फळीचे वीतभर तुकडे, तीन. आमच्याच दुकानातला लॅकरचा डबा, अर्धा रिकामा, एक. भिजलेली पावती, एक. सातवा तो स्वतः होता, पण तो काउंटरच्या पलीकडे उभा होता आणि त्याच्या कोपरावरून पाणी टपकत होतं, म्हणून त्याला मी मोजणीत धरलं नाही.

खरं तर त्या गुरुवारी मी काउंटरवर असायलाच नको होतं. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यापासून मी बांडुंग शहरातल्या उजुंगबरुंगच्या या रंगाच्या दुकानात मागच्या खोलीत बसते आणि ठोकलेल्या गाड्यांसाठी रंग जुळवते. पुढची बाजू मालकीणबाईंची, तेतेह इमासची, म्हणजे इमासताईंची. पण त्यांची दाढ दुखत होती, त्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, आणि जाताना मला सांगून गेल्या होत्या की कुणाशी वाद घालू नकोस.

"बू, हा डबा खराब निघाला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. उलट मला त्रास देतोय याचंच त्याला वाईट वाटत असावं.

त्याने सारोंग उलगडलं. सुरेनचं तांबूस लाकूड. कडा इतक्या हळुवार गोल केलेल्या की त्यावरून बोट फिरवायचा मोह मला आवरावा लागला. आणि या सगळ्यावर भाताच्या पेजेसारखा पांढुरका थर.

फवारणी किती वाजता केली, असं मी विचारलं. दुपारी तीनला. तेव्हा पाऊस होता का? तो हसला. बांडुंगमध्ये पाऊस थांबायची वाट बघत बसलं, तर माणसाने गिटार करायची कधी आणि लग्न करायचं कधी, असं म्हणाला. लग्नाचा या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. तरी ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

मी त्याला समजावलं. थिनर भरभर उडतं, उडताना लाकूड गार पडतं, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि थरात अडकतो. डबा चांगला आहे, हवा वाईट आहे. तो ऐकत होता... म्हणजे निदान माझ्याकडे बघत होता. त्याच्या पापण्यांवर लाकडाचा भुसा होता.

मग मी त्याला मागच्या खोलीत नेलं. तिथे वातानुकूलन असतं आणि ओलावा बावन्न टक्क्यांवर राहतो. सावकाश उडणारं थिनर मी स्प्रे गनमध्ये घातलं आणि धडावर अगदी धुक्याएवढा फवारा मारला. आधी काहीच झालं नाही. मग कडेपासून पांढरा रंग विरघळायला लागला, आत सरकत गेला, आणि खालून लाकूड वर आलं, ओल्या मातीसारखं लाल.

तो हात पुसायला फडकं शोधत राहिला. फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

पुढचा थर कधी द्यायचा, असं त्याने जाताना विचारलं.

"सात दिवसांनी," मी म्हणाले. "सकाळी, हवा कोरडी असताना. आणि प्रत्येक थरानंतर आणून दाखवा."

त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि पावसात निघून गेला.

दोन थरांमध्ये दोन तास लागतात. मला हे माहीत होतं. मग सात दिवस कुठून आले? त्या संध्याकाळी मी बराच विचार केला. थकवा होता, असं म्हणावं, तर दुपारी मी गोड चहा प्यायले होते. चुकून बोलले, असं म्हणावं, तर मी मोजमापात चुकत नाही. तिसरं कारण मला सुचत नव्हतं — किंवा सुचत होतं आणि ते मला कारण वाटत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तो आला. त्याचं नाव हेरलान. नऊ वर्षं गिटारच्या कारखान्यात काम करून तीन महिन्यांपूर्वी त्याने नोकरी सोडली होती आणि आता घराच्या मागच्या पडवीत स्वतःच्या गिटार करत होता. थर सुरेख बसला होता, कुठे ओघळ नाही, कुठे संत्र्याच्या सालीसारखी पुळी नाही. मी धड रंगाच्या काट्यावर ठेवलं. पहिल्या वेळी वजन दोन हजार एकशे बारा ग्रॅम भरलं होतं. आता दोन हजार एकशे शहात्तर, म्हणजे चौसष्ट जास्त. लॅकरचा वाळलेला थर बारा-तेरा ग्रॅमच्या वर जात नाही. मी वहीत लिहिलं: काटा तपासणे.

काटा बरोबर होता. आता सगळंच मला समजेनासं झालं होतं.

मधल्या दिवशीही तो यायचा, पॉलिश पेपर न्यायला. एका वेळी एकच कागद. तेतेह इमास दाढ धरून बसल्या होत्या, तरी त्यांच्याने राहवलं नाही. हा मुलगा लाकूड कमी आणि माझा उंबरठा जास्त घासतोय, असं त्या त्याच्यासमोरच म्हणाल्या. तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या की मागच्या आठवड्यात तू 'बू', म्हणजे बाईसाहेब होतीस, आज 'नेंग', लाडाची पोर झालीस, पुढच्या आठवड्यात काय होणार आहेस ते आधी कळव, मला लग्नात घालायच्या केबायाची तयारी करायला हवी. मी म्हणाले की तो ग्राहक आहे. त्या म्हणाल्या, "हो, आणि मी चिंच."

तिसऱ्या थरानंतरच्या रविवारी मी त्याच्या घरी गेले. कारण शास्त्रीय होतं: पडवीतला ओलावा मोजायचा होता. ओलावा एकसष्ट टक्के निघाला आणि त्याला दोन मिनिटं लागली. मी अडीच तास थांबले.

पडवी छोटी होती. भिंतीवर पटाशा उंचीप्रमाणे लावलेल्या, कोपऱ्यात तारेला उलटं टांगलेलं ते धड. तो गिटारची मान घडवत होता, महोगनीची. धारदार पत्र्याने खरवडायचा, अंगठा फिरवायचा, परत खरवडायचा. भुसा कमी आणि कागदासारखे कुरळे पापुद्रेच जास्त निघत होते. मी विचारलं की थांबायचं कधी ते कसं कळतं.

"डोळे मिटा," तो म्हणाला.

मी मिटले. त्याने मान माझ्या हातात दिली. "अंगठा मागून वर न्या. कुठे अडतं?"

कुठेच अडत नव्हतं. मग अडलं... अगदी पुसट, झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतकं. "इथे," मी म्हणाले.

मी डोळे उघडले तेव्हा तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता. कारखान्यात दोनशे माणसं होती, त्यातल्या तिघांनाच असा उंचवटा हाताला लागायचा, असं त्याने सांगितलं.

"म्हणजे मी चौथी?"

"पाचवी. आमच्या अंबुलाही, आईलाही लागतो. तांदूळ निवडून निवडून."

मी व्हर्नियर काढून मोजलं. आठ शतांश मिलिमीटर. माझ्या बोटाला एवढं कळतं, मग बाकीचं का कळत नाही?

त्याची आई, अंबु, गरम बालाबाला, म्हणजे भाज्यांची भजी घेऊन आली. भजी खाताना त्याने सहज सांगितलं की ही गिटार त्याची पहिली ऑर्डर आहे. घेणारा जहाजावरच्या बँडमध्ये वाजवतो आणि वीस तारखेला त्याचं जहाज सुटतं. आणि आणखी एक गोष्ट. कारखान्याचं पत्र आलंय. जावाच्या पूर्व टोकाला त्यांची नवी शाखा निघतेय, माना घडवायला तो परत हवाय. उत्तरही वीस तारखेपर्यंतच द्यायचंय.

"आणि गिटार वेळेत नाही झाली तर?" मी विचारलं.

"तर जायचं," तो म्हणाला. "बघू. अजून तीन थर आहेत ना?" त्याने हे इतक्या गंभीरपणे विचारलं की अंबु पटकन स्वयंपाकघरात निघून गेली.

घरी जाताना अंकोतमध्ये, म्हणजे शेअर गाडीत, मी हिशेब केला. आज तीन तारीख. तीन थर, सात-सात दिवसांचे, म्हणजे एकवीस. पुढे लॅकर कडक व्हायला चौदा. एकूण पस्तीस दिवस, आणि हातात होते सतरा. पण डब्याप्रमाणे चाललं तर? तिन्ही थर एका दिवसात, मग चौदा दिवस, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक कागदाने घासून चकाकी आणायला आणि तारा चढवायला एक दिवस. सोळा. म्हणजे उद्या सकाळी सुरुवात केली तर जमेल, परवा केली तर नाही.

माझ्या एका खोट्यामुळे तो बाराशे हजार मीटरवर... म्हणजे जावाच्या दुसऱ्या टोकाला जाणार होता. आकडाही धड सुचत नव्हता. खरं सांगितलं, तर थर एका दिवसात संपणार होते आणि गुरुवार उरणार नव्हते. शिवाय असल्या मुलीच्या तोंडाकडे तो परत का बघेल? नाही सांगितलं, तर वीस तारखेनंतर बघायला तो इथे नसेलच. दोन्हींचं उत्तर एकच येत होतं, तरी मी ते पुन्हा पुन्हा मांडत होते.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी त्याच्या पडवीत उभी होते. तो दात घासत होता.

"कांग हेरलान, दोन तास," मानाची हाक मारून मी म्हणाले. "दोन थरांमध्ये सात दिवस लागत नाहीत. दोन तास लागतात. मी खोटं सांगितलं. आजच्या आज तिन्ही थर मारले तर वीसच्या आत गिटार होईल, मी मदत करते, हवा आत्ता कोरडी आहे, मी मोजून आले."

त्याने चूळ भरली. तोंड पुसलं. या वेळी फडकं त्याला लगेच सापडलं.

"डब्यावर लिहिलंय, नेंग," तो म्हणाला. "मला वाचता येतं."

तो आत गेला आणि एक गिटार घेऊन आला. पूर्ण झालेली. तारा चढवलेल्या, तांबूस, इतकी चकचकीत की तिच्यात मला माझा चेहरा दिसला. तो चेहरा शहाण्या मुलीचा वाटत नव्हता. जहाजावरच्या माणसाची गिटार हीच. माझ्या खोलीत तिचा पांढरेपणा गेला, दुसऱ्या दिवशी डब्याप्रमाणे तिचे थर पूर्ण झाले, आणि काल माझ्या डोक्यात पस्तीस आणि सोळाचे आकडे फिरत होते तेव्हा ती आतल्या खोलीत कपाटाला टेकून उभी होती. दर गुरुवारी माझ्याकडे येत होतं ते दुसरंच धड. त्याच फळीतलं, त्याच साच्यावर कापलेलं. दगा झाला तर हाताशी असावं म्हणून केलेलं.

"चौसष्ट ग्रॅम," मी म्हणाले.

"काय?"

"मी वहीत काट्याची चूक म्हणून लिहिलं." मला रडायला येत होतं की हसायला, ते ठरत नव्हतं. "तुम्ही मला काल मुद्दाम सांगितलंत. जहाज, वीस तारीख. मी रात्रभर भागाकार करत होते."

"तुम्ही खरं सांगाल का, ते बघायचं होतं." तो ओशाळला. "वाईट केलं. अंबुही ओरडली मला." मग थांबून म्हणाला, "पण तुम्ही सात दिवस का सांगितलेत?"

"दोन तास सांगितलं असतं, तर तुम्ही दोन तासांनी परत आला नसतात."

हे मी बोलले. बोलल्यावर मलाही पहिल्यांदाच कळलं.

आतून भांड्यांचा आवाज बंद झाला. अंबु ऐकत असणार.

कारखान्याचं पत्र मात्र खरं होतं. त्याने ते कपाटातून आणून दाखवलं. एक गिटार झाली म्हणजे धंदा उभा राहिला असं नाही, तिकडे पगार दर महिन्याला मिळेल, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी काय उत्तर लिहू?"

मी विचार केला. "तिकडे समुद्र जवळ आहे. हवेत ओलावा जास्त. लॅकर पांढरं पडेल."

"मी माना घडवतो. लॅकर दुसरे मारतात."

"मग माझ्याकडे कारण नाही."

"कारण नको, नेंग. नुसतं सांगा."

समोरच्या घराच्या कौलांवरून चुलीचा धूर वर चढत होता. माझ्या हातात ओलावा मोजायचं यंत्र होतं आणि त्याच्यावरचा आकडा मला वाचता येत नव्हता.

"जाऊ नका," मी म्हणाले.

त्याने पत्राची घडी घातली, आणखी एक घातली, आणि ते पटाशांच्या मागे खोचून टाकलं. मग तो म्हणाला की गिटार द्यायच्या आधी एक तपासणी राहिलीय. कारखान्यात सगळ्यात जाड तार एकदा छेडायचे आणि ती किती वेळ घुमते ते मोजायचे. पंधरा सेकंद झाले की पास. तुम्ही मोजता का?

मी मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. हाताला जास्त नीट कळेल, असं म्हणून तळवा लाकडावर टेकवला. त्याने तार छेडली आणि आपला हात माझ्या हातावर ठेवला. घुमणं लाकडातून माझ्या मनगटापर्यंत आलं, तिथून वर चढलं. त्याच्या पापण्यांवर आज भुसा नव्हता. मी बघत राहिले, तोही बघत राहिला.

मी स्टॉपवॉच बंद केलं तेव्हा त्यात दोन मिनिटं अकरा सेकंद झाले होते.