टेकडीवरचे मुके फोन

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या दारासमोरच्या खांबावर होता. धुकं इतकं दाट की आधी शिडी दिसली, मग चिखलाने भरलेले बूट… आणि मग खाली वाकून बघणारे दोन डोळे.

"काय कापताय?" मी खालूनच विचारलं.

"कापत नाहीये. जोडतोय."

"कापणारा माणूस असंच सांगतो."

तो हसला. हसू चांगलं होतं, म्हणून तर संशय वाढला.

"तुम्ही त्या समितीच्या चिटणीसबाई ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तुमचं नाव काढलं की साहेब पाणी मागतात."

एवढं गोड बोलणारा लाइनमन कंपनीने उगाच का पाठवावा? कंपनीला टेकडीवरचे जुने फोन बंद करायचे होते. सगळ्यांकडे मोबाइल आहेत, तांब्याच्या तारांचं ओझं कशाला, असं तिचं म्हणणं. पण टेकडीवर मोबाइलला रेंज मिळायची ती खालच्या वळणावर. मला वाढवणाऱ्या मावशीला दमा. झटका आला की ती फोनचं एक बटण दाबायची आणि डॉक्टर निघायचे. छाती भरून आलेल्या बाईने मोबाइल घेऊन वळणापर्यंत कसं जायचं, हे कंपनीने सांगितलं नव्हतं. म्हणून आम्ही समिती काढली, सह्या गोळा केल्या, सुनावणी मागून घेतली.

आणि त्याच सुमारास ते फोन सुरू झाले.

मी शिवणयंत्रावर बसलेली असायची. घंटी वाजायची. "हॅलो?" — पलीकडे कोणी नाही. नुसता श्वास… आणि ठेवून दिल्याचा आवाज. बेकरीवाल्या काकांकडे तसंच, मास्तरांकडे तसंच. त्यांना आठवड्यातून एकदा, मला मात्र रोज.

"घाबरवतायत आपल्याला," मी समितीच्या बैठकीत सांगितलं. "त्रासून आपणच फोन परत करावेत म्हणून! आजपासून घंटी वाजली तरी कोणी फोन उचलायचाच नाही."

काकांनी टेबलावर मूठ आपटली. ठराव एकमताने पास!

अख्खी टेकडी गप्प झाली. फोन वाजायचे, वाजून थकायचे. मी यंत्रावर पाय मारत ऐकत राहायची आणि — कोणाला सांगू नका — मन मात्र त्या घंटीकडेच असायचं.

मग एका दुपारी तो दारात उभा. धापा टाकत, कपाळावर घाम.

"तुम्ही लोक फोन का उचलत नाही?"

मी यंत्र चालूच ठेवलं. "कोणी उचलत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चोर सापडला होता आणि मला आनंद व्हायला हवा होता.

"म्हणजे ते तुम्हीच!"

"मीच. आधी ऐकून घ्या, मग काय ते बोला. ज्या लाइनवर महिनाभर एकही फोन उचलला जात नाही, ती 'वापरात नाही' म्हणून तोडायची, असा आतला हुकूम आहे. बाहेर कोणाला माहीत नाही. तुम्ही म्हातारी माणसं…"

"कोण म्हातारी?"

"तुम्ही सोडून! टेकडीवरचे लोक फोन गरजेपुरता ठेवतात, रोज कोणाला करत नाहीत. म्हणून मी एक्स्चेंजमधून एकेकाला लावत होतो. उचलला की लाइन जिवंत. आता तुमचा ठराव असाच चालला तर निम्मी टेकडी तुटेल. तुमची मावशीसुद्धा."

माझ्या पायाखालचं यंत्र थांबलं. मावशीचा फोन मी, माझ्याच शहाणपणाने, मारत होते? तरी संशय इतक्या सहज सुटतो थोडाच!

"हे सांगून तुमचा काय फायदा?"

"नोकरी जाईल. त्याला फायदा म्हणत असाल तर आहे."

"आणि बोलत का नव्हतात?"

"बोललो असतो तर आवाज ओळखला असतात."

"बरं. इतरांना आठवड्यातून एकदा. मला रोज का?"

"तुमची लाइन… जरा खराब आहे."

"आमची लाइन खणखणीत आहे."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. धुक्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरोघर फिरून सगळं सांगितलं आणि ठराव मागे घेतला. दुसऱ्या दिवसापासून काका मास्तरांना पावाचा भाव विचारू लागले, मास्तर मावशीला तब्येत, आणि मावशी सगळ्यांना माझ्या लग्नाबद्दल. टेकडी नुसती किणकिणत होती.

पण सुनावणीच्या दिवशी तो दिसला तो साहेबांच्या मागच्या खुर्चीवर. फितूर झाला? की पहिल्यापासून तिकडचाच?

साहेब उठले. "अध्यक्षबाई, हा वापर बनावट आहे. आठवड्यापूर्वीपर्यंतचे जवळजवळ सगळे फोन आमच्याच एक्स्चेंजमधून गेलेत. कोणीतरी मुद्दाम केलेत."

"कोणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

त्याची खुर्ची सरकली. तो उठत होता. चेहरा पांढरा, पण मान ताठ. उठला असता तर नोकरीही गेली असती आणि आमचे फोनही. आणि तरी… तो उठत होता. माझ्या मनातली उरलीसुरली शंका तिथेच विरली.

त्याच्याआधी मी उभी राहिले.

"ते फोन मला होते, बाई."

"कशासाठी?"

"आमच्या लग्नाची बोलणी चालू आहेत."

सभागृह हललं. तो अर्धवट उठलेला तसाच राहिला.

"आणि बाकीच्या घरांना केले ते?" साहेब ओरडले.

"मुलीची चौकशी शेजाऱ्यांकडेच करतात ना, साहेब?"

बेकरीवाले काका ताडकन उठले. "मला विचारलं होतं! मी सांगितलं, मुलगी सोन्यासारखी आहे. पण भारी संशयी."

"मीही तेच सांगितलं," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

अध्यक्षबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. "लग्न जमवायला वापरतात म्हणजे फोन वापरात आहेत. टेकडीवरची एकही लाइन तोडायची नाही."

बाहेर पायऱ्यांवर त्याने मला गाठलं.

"चिटणीसबाई, एवढ्या लोकांसमोर खोटं बोललात?"

"मला खोटं बोलता येत नाही."

"मग ते काय होतं?"

"बोलणी चालू आहेत, एवढंच म्हणाले. आता ते खोटं ठरवायचं की नाही…" माझा आवाज अचानक बारीक झाला. "ते तुमच्यावर आहे."

तो एक पायरी खाली उतरला. आता आमचे डोळे समोरासमोर होते.

"मला नाही ठरवायचं खोटं," तो म्हणाला. "पहिल्या 'हॅलो'पासूनच नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला. मावशीने साहेबांना दारातच अडवलं होतं. दम खात, पण ठासून विचारत होती —

"तो तुमच्याकडचा मुलगा… स्वभावाने कसा आहे हो? खरं सांगा, आमची एकुलती एक पोर आहे."