चिमणीच्या दुरुस्त्या

दवाखान्यात नर्स असलेल्या वहिनीचा फोन आला तेव्हा ताई नुकतीच कामाला बसली होती.

"सलाइनच्या पंपाने औषध दुप्पट वेगाने सोडलं गं. पेशंट बेशुद्ध आहे. सगळे म्हणतात, आकडा मीच चुकवला."

"खरं सांग, चुकवलास?"

"देवाशप्पथ नाही."

या पंपांचा प्रोग्रॅम सगळ्यांना खुला होता. कुठलेकुठले हौशी लोक त्यात दुरुस्त्या पाठवत. मूळ प्रोग्रॅम मास्तरांचा, पण हल्ली सूत्रं ताईकडे होती. मोठा बदल दोघांनी तपासायचा, किरकोळ असेल तर एकाने पाहिला तरी चाले.

सगळ्या दवाखान्यांना पंप थांबवायला कळवून तिने जुने बदल उकरायला घेतले. 'चिमणी' या टोपणनावाने चार किरकोळ दुरुस्त्या आल्या होत्या. एकेक पाहिली तर साळसूद. पण त्यांतल्या तीन एकत्र आल्या, की पंप पुन्हा सुरू करताना जुना वेग नव्यात मिळवला जाई. चौथी मात्र खरोखरच उपयोगाची होती. चारही ताईनेच डोळे झाकून आत घेतल्या होत्या.

ती मास्तरांकडे गेली. टेबलावर चाचणीचा पंप उघडा पडला होता. प्रकल्पाकडे खरा पंप हा एवढाच, बाकीचे संगणकावरच्या नकली पंपावर भागवत.

"चिमणी कोण, मास्तर?"

"मला काय ठाऊक? येतात, जातात."

"पंपाचा भोंगा वाजला की मोटर अडखळायची. ते तिने चौथ्या बदलात दुरुस्त केलंय."

"मग? चांगलंच केलं की."

"नकली पंपाला मोटरच नाही. अडखळणं दिसणार ते फक्त या टेबलावर."

मास्तर उघड्या पंपाचं झाकण बसवू लागले.

"एकगठ्ठा बदल मी पकडला असता, म्हणून तुकडे केलेत. पण सवय नडली. समोर खरी चूक दिसली आणि ती सोडवेना तुम्हाला."

"माझ्यावाचून तुमचं अडतं, एवढंच दाखवायचं होतं!" मास्तरांचा आवाज चिरकला. "उद्या मीच येऊन चूक शोधून दिली असती. कुणाचा जीव नव्हता घ्यायचा मला."

"उद्या?" ताई उसळली. "येताना वाटेत फोन आला. पेशंट गेला. वहिनीला पोलिसांनी बसवून ठेवलंय. चपला घाला, मास्तर."